भिंतीवर दोन तारखा

चामोर्शी, ७ जुलै १९८५

चि. खुशालले मायचा जय भीम.

तू उत्तर देणार नाई हे मले माहीत आहे. दोन वर्षांत नाई देल्लं तं आता काय देशीन. पण मी लिहिणार. अक्षरं मी तुझ्याच पाटीवर शिकली, तू पहिलीत होता तेव्हा. तं त्या अक्षरायचा त्रास बी तूच सहन कर.

तुझे बाबा तीस तारखेले रिटायर झाले. शाल देल्ली, भिंतीवरचं घड्याळ देल्लं. साहेबानं भाषण केलं का, श्रीहरी देवगडे यायनं पंचवीस वर्षं सायकलवर मलेरियाचं काम केलं, जंगलातलं एकही घर कधी सोडलं नाई. टाळ्या वाजल्या. हे खाली मान घालून बसले होते. मले वाटलं, लाजले.

आता घरीच राहतीन म्हणून मी गंमत केली. दाराच्या बाजूले गेरूनं चौकोन काढला, तो मलेरियावाले काढतेत तसाच, अन् त्यात लिहिलं, ३०-६-८५. म्हटलं, पंधरा दिवसाआड लोकायच्या घरी जाऊन ताप विचारला, बोटं टोचली, गोळ्या वाटल्या, त्यायच्या भिंतीवर तारखा लिहिल्या. आता रोजची हजेरी इथी. ते हसले, पण पुरते नाई हसले. तुझं बोलणं आठवलं असन त्यायले. तुझ्या पोरीच्या, आपल्या मित्राच्या, नामकरणाले ते पोचले नाई तेव्हा तू चारचौघात म्हटलं होतं, "बाबानं लोकायच्या भिंतीवर हजार तारखा लिहिल्या, आमच्या घरच्या भिंतीवर एक नाई." तुझं खोटं नव्हतं बेटा. पण दुसऱ्या दिवशी ते भामरागडकडून रातभर ट्रकमध्ये बसून घुग्घुसले आले अन् तू दार उघडलं नाई, ते बरं नाई केलं. आतून मित्राचं रडणं ऐकू येत होतं म्हणे. हे पायरीवर जरासे बसले अन् परत आले.

जाऊ दे. खरी बातमी ऐक. त्यायनं फटफटी घेतली. राजदूत. जुनी आहे, नागभीडच्या एका मास्तरची. अठ्ठावन्न वर्षाचा माणूस शिकून राह्यला. पहिल्याच दिवशी धानाच्या बांधीत गेले, गाडीसकट. रोवणा चालू होता. बाया कंबरेतून सरळ झाल्या अन् एक बोल्ली, "डॉक्टरभाऊ, रोवाले आले का? या, या, पेंढी देतो हातात!" चिखलानं माखून घरी आले तं मी वळखलंच नाई.

मी बी मागं बसते आता. दोन्हीकडं पाय टाकून. लुगड्याले कासोटा कशाले असते मंग? बाजाराच्या दिवशी सारं चामोर्शी पाहत होतं. पाहू दे.

मित्राले पापा. कांताले आशीर्वाद. तुले बी.

तुझी माय


चामोर्शी, १ सप्टेंबर १९८५

चि. खुशाल,

नागभीडले जाऊन आलो, भागीरथामावशीकडं. फटफटीवर. ती तं दारातच बोंबलली, "रंभे, म्हातारपणी चळ भरला का वं तुले!" मंग दुसऱ्या दिवशी तीच म्हणे, मले एक चक्कर मारून आणा, भाऊजी. स्टेशनापर्यंत नेऊन आणली. पदर तोंडात कोंबून बसली होती, पण उतरताना म्हणे आणखी एक.

रस्त्याचं काम माझ्याकडं आहे. त्यायचा चष्मा पावसात काही कामाचा नाई. मी मागून सांगते, "डावीकडं खड्डा, समोर म्हैस, आता खडी." एकोणतीस वर्षांच्या संसारात माझं एवढं त्यायनं कधी ऐकलं नव्हतं.

पण एक गोष्ट मले समजून नाई राह्यली. वाटेत त्यायच्या कामातलं जुनं गाव लागलं का गाडी थांबते. पाणी मागतेत, बसतेत, अन् मंग म्हाताऱ्या माणसायले एकच विचारतेत, एटापल्लीकडून इथी कोणी राहाले आलं का, लालसू नावाचं? कोणी नाई म्हटलं का उठतेत. तोंड उतरलेलं. मी विचारलं, हा लालसू कोण? म्हणे, जुनी ओळख. जुनी ओळख असली तं माणूस हसून विचारते ना रे. हे असे विचारतेत जसा दवाखान्यात कोणी विचारते.

आष्टीच्या नाक्यावर पोलिसायनं हटकलं. म्हणे, या वयात जोडीनं जंगलात काय काम? मी म्हटलं, आमचं लगन झालं तेव्हापासून यायले सुट्टी नव्हती, आता फिरून राह्यलो. तो शिपाई इतका हसला का त्यानं हाताले धरून मले गाडीवर बसवलं.

तुझी पहिली पाळी चालू आहे का रातची? खाणीतून आल्यावर कान साफ करत जाय, लहानपणापासून तुझे कान खराब.

माय


चामोर्शी, २० ऑक्टोबर १९८५

चि. खुशाल,

सोळा तारखेले चांद्याच्या दीक्षाभूमीवर होतो. पांढरं लुगडं नेसून फटफटीवर, म्हणजे पोचेपर्यंत लालच झालं. गर्दीत दिवसभर मी तुझी वाट पाह्यली. तू दरसाल येते. या साली नाई दिसला. आलाच नाई, का दिसायचं नव्हतं तुले?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, घुग्घुस इथून किती, वीस-पंचवीस किलोमीटर. चला. दार नाई उघडलं तं पायरीवर बसू, मले सवय नाई पण करून घेईन. यायनं गाडी तिकडंच वळवली. मी खुश. कोळशाचे ट्रक सुरू झाले, धूळ सुरू झाली, मी मनात म्हटलं, आलं पोराचं गाव. समोरून पाळी सुटलेले लोक फटफट्यायवर येऊन राह्यले होते, अन् मी एकेकाचं तोंड पाहत होती.

गावाच्या अलीकडं यायनं गाडी थांबवली. बंद केली. पाच-दहा मिनिटं हँडल धरून उभे. मी म्हटलं, पेट्रोल सरलं का? म्हणे, नाई. मंग काय सरलं? म्हणे, "रंभा, अजून नाई. पहिले एक काम आहे. ते झाल्याशिवाय मी पोराच्या दारात उभा नाई राहू शकत अन् नातीले मांडीवर नाई घेऊ शकत."

अन् गाडी वळवली. मले इतका राग आला का मूल गावापर्यंत मी एक खड्डा सांगतला नाई. सारे खड्डे त्यायनं एकट्यानं खाल्ले. माझी बी कंबर गेली त्यात, पण गेली तं गेली.

तुम्ही बाप-लेक दोघंही सारखेच. एक दार उघडत नाई, दुसरा दारापर्यंत येत नाई. अन् मधात मी, टपाल हापिसात.

माय


चामोर्शी, १२ डिसेंबर १९८५

चि. खुशाल,

हे पत्र बसून वाच. कांता जवळ असली तं असू दे. मी तुझ्या बाबाले शब्द देल्ला होता का खुशालले सांगणार नाई. दहा दिवस पाळला. बस झालं.

या महिन्यात धान निघाल्यावर आम्ही एटापल्लीच्या पुढं गेलो. एक टोला होता म्हणे, आठ घरायचा. आता दोनच घरं आहेत, ती बी त्या दिवशी बंद होती, अन् बाकी जागी झुडपं. एका जागी मातीचा उंचवटा होता, मागं मोहाचं मोठं झाड. तिथी हे उभे राह्यले अन् म्हणाले, "इथी भिंत होती." अन् खालीच बसले. तोंड पांढरं. मी त्यायच्या कपाळाले हात लावून पाह्यला, वाटलं ताप आला. त्यायनं माझा हात धरला अन् सारं सांगतलं.

तुले मुदतीचा ताप आला होता, आठवते? १९६६ चा एप्रिल. तू आठ वर्षाचा. गडचिरोलीच्या दवाखान्यात तुले नेलं होतं अन् डॉक्टर म्हणाला होता, तीन दिवस निघाले तं निघाले. ते तीन दिवस तुझे बाबा तुझ्यापासून हलले नाई. त्याच दिवसायत या टोल्याची पाळी होती. बारा तारीख. हे गेले नाई. रजा मागायले कोणापाशी जाणार? अन् पोरगं सोडून जाणार बी कसं?

तू वाचला. सव्वीस तारखेले हे टोल्यावर गेले. चौकोनात बारा तारखेची जागा रिकामी. तपासणीले साहेब आला अन् रिकामी जागा दिसली तं नोकरी जाते. यायनं आठही घरायवर दोन तारखा लिहून टाकल्या. बारा अन् सव्वीस. शेवटचं घर लालसूचं, ते बंद होतं, तिथी बी लिहिल्या. गेरूची कांडी हातातच होती तं पोचू नावाचा शेजारी आला अन् म्हणे, "लालसूची पोट्टी तापानं फणफणली. काही खरं नाई तिचं." चार वर्षाची पोट्टी.

यायनं एवढंही विचारलं नाई का ताप कोणत्या दिवशी आला. यायले वाटलं, बारा तारखेलेच असन. मी गेलो असतो तं चार गोळ्यायचं काम होतं. महिन्याभरात यायची बदली मूलकडं झाली. लालसूचं घर मंग त्या टोल्यावर राह्यलंच नाई, असं कोणीतरी सांगतलं.

मी म्हटलं, एकोणीस वर्षं तुम्ही पत्ता काऊन नाई काढला? ते म्हणाले, "पत्ता काढला असता तं समजलं असतं."

आता तूच पाह्य बेटा. त्या दिवसानंतर यायनं एक दिवस नागा केला नाई. पुरात, उन्हात, मित्राच्या नामकरणाच्या दिवशी बी. मले वाटे, यायले घरच नाई. तुले बी तेच वाटलं. एक दिवस घरी राह्यले होते, तुझ्यासाठी, त्याची शिक्षा करून घेत होते. अन् तुले सांगत नव्हते, काऊन का तुले वाटलं असतं का आपल्यापायी लोकायची पोट्टी गेली. तू दार उघडलं नाई तेव्हा घरी येऊन मले म्हणाले होते, "बरोबर आहे त्याचं." मी तेव्हा तुझ्यावर चिडली, त्यायच्यावर बी चिडली. आता कोणावर चिडू?

फटफटी फिरायले नाई घेतली त्यायनं. ती पोट्टी शोधायले घेतली. जिवंत आहे का नाई, एवढंच. मी म्हटलं, एकटे नाई शोधायचं. आता मी बी विचारणार गावोगावी.

माय


चामोर्शी, ९ फेब्रुवारी १९८६

चि. खुशाल,

कांताचं कार्ड आलं. पाच ओळीचं. मी पंचवीसदा वाचलं. "त्यायनं पत्र दोनदा वाचलं अन् खाणीत गेले. आल्यावर विचारलं का, त्या तीन दिवसायत बाबा कुठी बसत होते ते मायले विचार."

सांगते. खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवर. दवाखान्यात स्टूल एकच होतं, त्यावर मी. तुझे तळपाय त्यायच्या हातात. तू थंड पडला का घासायचे, गरम झाला का ओलं फडकं ठेवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी तू डोळे उघडले अन् म्हटलं, "बाबा, गुदगुल्या होते." ते बाहेर गेले अन् विहिरीपाशी जाऊन रडले. मी खिडकीतून पाह्यलं. त्यायले अजून माहीत नाई का मी पाह्यलं.

शोध चालूच आहे. मानेवाडा, अहेरी, आलापल्ली झालं. काही नाई. फटफटीच्या पलगमध्ये काजळी धरते म्हणून मी आता पलग साफ करायले शिकली, तारेच्या ब्रशनं. तू लहानपणी मले म्हणे, माय तुले काही येत नाई. ये अन् पाह्य.

माय


चामोर्शी, २३ मार्च १९८६

खुशाल! बेटा!

वाचली रे! ती पोट्टी वाचली आहे! चि. लिहायचं राह्यलं, राहू दे.

आता शांतपणे सांगते. आलापल्लीच्या बाजारात चारोळी विकत एक म्हातारा बसला होता. यायनं त्याच्याकडं पाह्यलं अन् थांबले. पोचू. तोच. लालसू कुठी म्हणून विचारलं तं म्हणे, लालसू तं वारला, म्हातारा होऊन वारला, त्याची बायको झिंगू तिच्या भावाच्या गावी राहते, सिरोंच्याच्या रस्त्यावर, रेपनपल्लीच्या अलीकडं आत. अन् पोट्टी? "ते मले माहीत नाई." यायनं त्याच्याकडून सारीच चारोळी घेतली, कशाले कोणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी निंगालो. मोहाचे दिवस, सारं जंगल वासानं भरलेलं. नाल्याच्या रेतीत गाडी रुतली. मी मागून ढकलली अन् तोंडावर पडली. हे म्हणे, परत जाऊ का. मी म्हटलं, आता परत गेले तं मी इथीच राहते.

गावात पोचलो. पोरं जमली. यायनं गोंडीत विचारलं, झिंगूबाईचं घर कोणतं? पोरायनं दाखवलं. तेवढ्यात कोणीतरी म्हातारं बोल्लं, अरे हा तं मलेरियावाला! झालं. आम्ही अंगणात पोचलो तं एक म्हातारी घरातून निंगून मागच्या मागं पळाली. मी आपली तिच्या मागं. हे अंगणात उभे. मले वाटलं, हिची पोट्टी मेली म्हणून ही यायचं तोंड पाहायले तयार नाई.

ती कुडाच्या मागं लपून बसली होती. मी जवळ बसली. म्हटलं, बाई, आम्ही हात जोडायले आलो. तं तीच माझे पाय धरून म्हणे, "बाई, माफी कर. आम्ही घरी नव्हतो. तुझा माणूस दोनदा आला, आम्ही दोनदा नव्हतो. आता म्हातारी झाली मी, मले जेलात नको टाकू."

मले काही समजेना. हाताले धरून तिले अंगणात आणलं. मंग एकेक करून निंगालं. १९६६ मध्ये बारा तारखेच्या दोन दिवस आधीच ते सारे या गावी आले होते, तिच्या भावाच्या लग्नाले. पोट्टीले ताप आला तो इथी, लग्नात, अठरा-वीस तारखेले. सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या देल्ल्या, उतरला. बातमी टोल्यावर गेली ती अर्धीच गेली. पोट्टीले मामाकडं ठेवून पावसाच्या तोंडी ते घरी परतले तं भिंतीवर दोन नव्या खुणा! अन् तुझ्या बाबाची तेव्हा एक सवय होती, गंमत म्हणून साऱ्यायले सांगायचे, "पाळीच्या दिवशी घरी नाई राह्यले तं साहेब जेलात टाकते." लालसू घाबरला. सामान उचललं अन् बायकोले घेऊन इथी आला तो कायमचा.

म्हणजे पाह्य. हे तिच्या भीतीनं एकोणीस वर्षं झोपले नाई अन् ती यायच्या भीतीनं. चोराच्या मनात चांदणं म्हणतेत, इथी तं दोघायच्याही मनात अन् चोर कोणीच नाई.

मी तिले म्हटलं, पण पोचूनं सांगतलं नाई का, मलेरियावाला एकदाच आला म्हणून? म्हणे, "सांगतलं ना. पण भिंतीवर दोन खुणा. मी पोचूवर विश्वास ठेवू का भिंतीवर? माणूस खोटं बोलते, बाई. सरकारची भिंत कशी खोटी बोलन?"

हे ऐकून हे खाली बसले. हात जोडले अन् म्हणाले, "बाई, भिंत खोटी होती. बारा तारखेले मी आलोच नाई. माझं पोरगं मरायले टेकलं होतं, मी त्याच्यापाशी होतो. तारीख मी मागाहून लिहिली." एवढं बोलायले त्यायले एकोणीस वर्षं लागली.

झिंगूबाई त्यायच्यासमोर खाली बसली. मंग विचारलं, "पोरगं वाचलं?" हे म्हणाले, "वाचलं. घुग्घुसले आहे. त्याले बी पोट्टी आहे." तं ती म्हणे, "माझी बी वाचली. मंग रडते काऊन?" अन् हाक मारली, "कमला!" मागच्या अंगणातून एक बाई आली, धिप्पाड, हात मोहाच्या फुलानं चिकट झालेले, कमरेवर पोरगं. हीच ती. चोवीस वर्षाची. यायच्याकडं पाहून हसली अन् बोट पुढं केलं, "टोचायचं आहे का?"

बेटा, तुझ्या बाबाले मी हसताना पाह्यलं, रडताना पाह्यलं, दोन्ही एका वेळी कधी नव्हतं पाह्यलं. मंग पाणी मागतलं, तांब्याभर प्याले, अन् मोहाच्या झाडाखाली जाऊन आडवे झाले ते उन्हं कलेपर्यंत उठले नाई. असे घोरत होते का पोरं येऊन पाहून जात होती.

पण झिंगूबाई साधी नाई. उठल्यावर म्हणे, "तुझ्या एका खोट्या खुणेपायी माझं घर गेलं. घरामागचं मोहाचं झाड माझ्या सासऱ्यानं राखलं होतं, ते गेलं. त्याचा दंड दे." गावचे दोघं-तिघं बसले पंचासारखे. हे म्हणाले, जो म्हणशील तो. तिनं विचार केला, तंबाखू मळली, अन् दंड सांगतला. मोहा सरला का तिले फटफटीवर बसवून त्या टोल्यावर न्यायचं, तिचं झाड दाखवायचं, अन् परत आणून सोडायचं.

येताना तुझ्या बाबानं गाडी अशी पळवली का मी पाठीत बुक्की मारली. म्हणे, "खड्डे सांग ना मंग!" मी कुठून सांगू? माझ्या डोळ्यात पाणी होतं, मले एकही खड्डा दिसत नव्हता.

माय


चामोर्शी, २२ एप्रिल १९८६

चि. खुशाल, चि. कांता, चि. मित्रा, साऱ्यायले जय भीम.

शनिवारी आम्ही दंड भरायले गेलो होतो. एका राजदूतवर तिघं. हे समोर, मधात झिंगूबाई, मागं मी अर्धी हवेत. वाटेत ती दर उतारावर ओरडे अन् उतार सरला का म्हणे, हळू काऊन झाली? टोल्यावर पोचलो. तिनं झाडाले मिठी मारली, बुंध्याची साल हातानं चाचपली, खाली वाकून पाह्यलं का कोण वेचून नेते फुलं. पोचूच नेते. तिनं त्याले तिथीच अशा शिव्या घातल्या का काय सांगू. मंग त्याच्याच घरी आम्ही सारे जेवलो अन् मुक्काम केला. रविवारी तिले घरी सोडली, काल संध्याकाळी चामोर्शीले पोचलो.

हे गाडी उभी करून कुलूप काढायले गेले अन् तिथीच थांबले. मी म्हटलं, किल्ली हरवली का? जवळ गेली.

मी गेरूनं काढलेला तो चौकोन. त्यात माझी ३०-६-८५. अन् तिच्या खाली, कोळशानं, २०-४-८६. बाजूले दोन शब्द, "घर बंद."

बंद घर मिळालं तं मलेरियावाले असंच लिहितेत. लहानपणी सुट्टीत बाबाच्या सायकलवर डांड्यावर बसून तू जाये, ते तिथी शिकला असशीन. मले वाटलं होतं, विसरला.

हे बराच वेळ वाचत उभे राह्यले. दोनच तं शब्द होते. मंग माझ्याकडं वळून म्हणाले, "रंभा, तारीख खरी असन का?" मी म्हटलं, मले काय विचारता, मी तुमच्या मागंच होती. तं हा माणूस, आंघोळ नाई, पाणी नाई, तसाच धुळीनं भरलेला शेजारी अंजनाबाईकडं गेला तपासायले! ती म्हणे, "खरी म्हणजे काय, मीच चहा देल्ला ना! खुशाल, बायको, पोट्टी, तिघं आले फटफटीवर. दोन तास पायरीवर बसले होते. पोट्टी तुमच्या कोंबड्यायच्या मागं धावत होती. कोळसा बी माझ्याच चुलीतला." हे परत आले अन् चौकोनासमोर उभे राहून म्हणाले, "खरी आहे." मंग कुलूप काढलं.

चौकोनाच्या खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक वाकडी रेघ बी आहे. ती मित्राची असन. भिंत मी आता सारवणार नाई, दिवाळी आली तरी.

हे पत्र मी टपालात टाकून नाई राह्यली. लुगड्याच्या ओटीत घेऊन येऊन राह्यली. उद्या पहाटेच निंगतो. तुझी पाळी कोणती आहे मले माहीत नाई. तुम्ही घरी असले तं तुझ्या हातात देईन. नसले तं दाराच्या फटीतून आत टाकीन अन् पायरीवर बसीन. दोन तास नाई, तुम्ही येईपर्यंत. यायले बी बसवीन.

तुझ्या बाबानं गेरूची कांडी आत्ताच खिशात टाकली. कांताले सांगजो, भिंतीले नवा चुना दिला असन तं माफ कर.

तुझी माय